ताट वेगळं झालं, तपासणी मात्र राहिली

पत्र थोडक्यात:

नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात सासूबाई, यजमान, भासरे-जाऊ आणि ताईंची सहा वर्षांची मुलगी. दोन-तीन वर्षांपासून रात्री पोटात आग पडायची, पोट रिकामं असलं की जास्तच. शेवटी धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच छोटासा अल्सर निघाला आणि रिपोर्टवर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’, म्हणजे जठरात राहणाऱ्या एका जंतूची लागण, असं आलं. डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स दिला.

घरी त्या रिपोर्टचं ‘पोटात किडे झाले’ असं झालं. दुसऱ्याच दिवशी ताईंचं ताट, वाटी, पेला बाजूला निघाला. सासूबाई म्हणाल्या, “तुह्या माहेरच्या तर्रीनंच केलं हे.” माहेर गोळीबार चौकाकडचं, तिथे रविवारी सावजी मटण ठरलेलं. जाऊबाईंनी लगोलग रक्ताची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि हा आजार घरात कुणी आणला याचा निकालच लागून गेला. यजमान काही बोलत नाहीत. त्यांना स्वतःला वर्षानुवर्षं पित्ताचा त्रास आहे, गोळी खाऊन ते कामावर जातात, तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटलेला नाही.

ताईंना गोळ्या सोसवत नव्हत्या. तोंड कडू पडलं, मळमळायला लागलं. पोटाला थंड म्हणून त्या दुधाबरोबर गोळ्या घ्यायच्या. सहाव्या दिवशी शौचाला काळी झाली, त्या घाबरल्या आणि गोळ्या बंद केल्या. त्याला चार दिवस झाले. पोट आता बरं वाटतंय. पण मुलीला आजवर आपल्याच ताटातून भरवलं, मोबाईलवर ‘कॅन्सर’ वाचलं, आणि सासरेही २५ वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरनेच गेले, हे आठवून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात: मुलीची तपासणी करू का? तिला माझ्यापासून लांब ठेवू का? की पूर्ण बरी होईपर्यंत माहेरी जाऊन राहू?

उत्तर:

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण त्याआधी तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा. “सहा दिवस गोळ्या घेतल्या, काळी शौचाला झाली म्हणून घाबरून बंद केल्या, चार दिवस झाले,” एवढं सरळ सांगा. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. कोर्स पहिल्यापासून द्यायचा, तोच द्यायचा की औषधं बदलायची, हे त्यांना ठरवू द्या. डॉक्टर रागावतील या भीतीने कितीतरी जण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि वर्षभराने जास्त त्रास घेऊन जातात. रागावले तर रागावू द्या.

तुम्ही पत्रात औषधांची नावं लिहिलीत हे फार बरं केलंत. त्यात बिस्मथ आहे. या औषधाने शौचाला काळी होते आणि कधी कधी जिभेवरही काळपट थर दिसतो. आतड्यातल्या गंधकाशी मिळून त्याचं काळं संयुग बनतं, त्यात रक्ताचा काही संबंध नसतो. औषध थांबलं की काही दिवसांत रंग पूर्ववत होतो. हे तुम्हाला गोळ्या देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि त्यावाचून तुमचा कोर्स मोडला.

पण तुम्हाला अल्सर आहे, त्यामुळे काळ्या रंगाकडे सरसकट दुर्लक्ष करा असंही मी म्हणणार नाही. अल्सरमधून रक्त गेलं की होणारी शौच डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि अतिशय उग्र वासाची असते. सोबत चक्कर येते, छाती धडधडते, घाम सुटतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. असं काही झालं, किंवा उलटीत रक्त अथवा काळपट रवाळ काही पडलं, तर रात्र असो की सण, त्याच घडीला दवाखाना गाठायचा. आणि बिस्मथ बंद करून चार दिवस झाल्यावरही रंग तसाच गडद काळा असेल, तर फोनवर थांबू नका, आजच जाऊन दाखवा.

आता दुधाचं. तुमच्या यादीत टेट्रासायक्लिन आहे. हे औषध दुधातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि मग रक्तात नीट शोषलंच जात नाही. पोटाला थंड म्हणून तुम्ही जो पेलाभर दूध घेत होतात, त्याने गोळीची ताकद कमी होत होती. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्तावरची पांढरी पातळ औषधं यांचंही तेच. या सगळ्यात आणि टेट्रासायक्लिनमध्ये दोन-तीन तासांचं अंतर हवं, नेमकं किती ते डॉक्टरांना विचारा. गोळी भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. तोंडाला येणारी धातूसारखी कडवट चव बहुतेक मेट्रोनिडाझोलची आहे. ती गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते, आणि कोर्स संपला की चव आपोआप जाते. मळमळ अगदीच सोसवली नाही तर त्यावरही गोळी मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांपर्यंत तक्रार पोचायला हवी. पाळी चुकलेली असेल किंवा दिवस गेल्याची जरा जरी शंका असेल तर तेही कोर्स सुरू करण्याआधी सांगा, कारण टेट्रासायक्लिन गरोदरपणात देत नाहीत.

१४ दिवस म्हणजे १४ दिवसच का, याचं कारण या जंतूच्या राहणीत आहे. जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की बहुतेक जंतू तिथे तगत नाहीत. हेलिकोबॅक्टर पायलोरी तगतो, कारण तो युरिएज नावाचं विकर बनवतो. त्याच्या जोरावर तो युरियाचा अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून टाकतो. तुमच्या पोटातला कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला असेल आणि जेल गुलाबी झाली असेल, ती याच अमोनियाने. जंतूचा आकार मळसूत्रासारखा पिळाचा आहे, एका टोकाला शेपट्या आहेत, आणि त्यांच्या बळावर तो जठराच्या बुळबुळीत अस्तरात घुसून बसतो. तिथे औषध पोचणं अवघड. म्हणून एकाच वेळी तीन-चार औषधं, आणि तीही सलग. पहिल्या पाच-सहा दिवसांत आम्ल कमी करणाऱ्या गोळीने आग शमते आणि माणसाला वाटतं की बरं झालं. जंतू त्या वेळी अजून आतच असतो, आणि अर्धवट मार खाऊन उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. आपल्या देशात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधं या जंतूवर अनेकदा लागू पडत नाहीत, त्याची डॉक्टरांना मोठी काळजी आहे. पुढच्या खेपेला कोर्स पुरा होणं यासाठी महत्त्वाचं.

आता तुमच्या घरात ज्यावरून एवढं सगळं झालं, त्याकडे येऊ. हा जंतू कुणी आणला?

जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात तो आहे किंवा होता, आणि आपल्याकडे हे प्रमाण त्याहून जास्तच मानलं जातं. बहुतेकांना तो लहानपणी, घरातल्याच मोठ्या माणसांकडून मिळतो: लाळेतून, ओकारीतून, न धुतलेल्या हातांतून, कधी दूषित पाण्यातून. एकदा बसला की औषध घेतल्याखेरीज सहसा जात नाही. बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यांना तो आहे हे कळतही नाही. आल्प्स पर्वतात बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही या जंतूचे अंश मिळाले आहेत. इतका तो माणसाच्या सोबतीला जुना. तेव्हा तुम्हाला तो बहुधा तुम्ही तुमच्या मुलीएवढ्या किंवा तिच्याहून लहान असतानाच मिळाला असणार. लग्न होऊन तुम्ही नंदनवनात आलात तेव्हा तुमच्यासोबत तो आला असेल, आणि तुम्ही यायच्या आधीच तो त्या घरात दुसऱ्या कुणाच्या पोटात असेल, हेही तितकंच शक्य आहे. कोणत्याही तपासणीने हे ठरवता येत नाही. जे ठरवताच येत नाही त्यावरून तुमचं ताट वेगळं झालं आहे.

माहेरच्या तर्रीचाही हिशेब लगे हात करून टाकू. तिखटाने अल्सर होतो, चिंतेने होतो, असं जगभरचे डॉक्टरही १९८० च्या दशकापर्यंत मानत होते, त्यामुळे सासूबाईंना तसं वाटलं तर नवल नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत हे पिळाचे जंतू पुन्हा पुन्हा दिसत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर काम सुरू केलं. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि तेव्हा कुठे जंतू वाढलेला दिसला, इतका तो सावकाश वाढणारा. तरी कुणी विश्वास ठेवेना. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीने पाहिलं तर जठराला सूज आलेली आणि जंतू हजर. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिखट अल्सरला जन्म देत नाही. आधीच असलेल्या जखमेवर पडलं की आग मात्र वाढवतं. म्हणून जखम भरेपर्यंत काळ्या मसाल्याचा रस्सा दूर ठेवा, सोसत नसेल तर तर्री पोहेही. त्यानंतर माहेरी रविवारी निर्धास्त जेवा.

ताट वेगळं काढणं मला चुकीचं वाटतं. साबणाने घासून धुतलेल्या ताटावर हा जंतू टिकत नाही. घरातल्या सगळ्यांची भांडी जशी घासली जातात तशी तुमचीही घासली की झालं. जाऊबाईंच्या रिपोर्टबद्दल दोन गोष्टी. रक्तातली ती तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने कधीतरी बनवलेली प्रतिपिंडं शोधते. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, वर्षं सापडतात, आणि कधी जंतू असूनही सापडत नाहीत, म्हणून आज डॉक्टर नुसत्या तिच्यावर निर्णय घेत नाहीत. पण घटकाभर तो रिपोर्ट अगदी खरा धरू. मग त्याचा अर्थ काय होतो? तुमच्या लग्नापासून इतकी वर्षं जाऊबाई तुमच्याच हातचं, त्याच भांड्यांत जेवल्या आणि त्यांना काहीही झालं नाही. तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. हे घरात शांतपणे, एकदाच बोलून दाखवा.

मुलीबद्दल तुमचा जीव टांगणीला लागलाय, ते पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तिला काही त्रास नसेल तर आज तिची तपासणी करू नका. लहान मुलांत, लक्षणं नसताना, हा जंतू शोधत बसू नये असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. सापडला तरी लहान वयात लगेच कोर्स देत नाहीत, मग नुसती धास्ती घरात येते. तिचं वजन वाढत नसेल, वरचेवर उलट्या होत असतील, पोटदुखीने रात्री झोपेतून उठत असेल किंवा लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आईला एच. पायलोरी निघाला होता हे आवर्जून सांगा. तिला लांब ठेवायचं काहीही कारण नाही. तिला जवळ घ्या, पापे घ्या, शेजारी झोपवा. भरवताना तेवढा तिचा चमचा वेगळा ठेवा, गरम घास तोंडात घेऊन निववून देऊ नका, तुमच्या पेल्यातलं पाणी तिला देऊ नका, आणि शौचानंतर व जेवणाआधी सगळ्यांनीच साबणाने हात धुवा. आजवर ताटातून भरवलंत त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. आपल्याकडची प्रत्येक आई हेच करते.

आता ज्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले ती ओळ. “सासरेही पोटाच्या कॅन्सरनेच गेले.” हे तुम्ही मुलीच्या काळजीपोटी लिहिलंत. मला ते वाचताना तुमच्या यजमानांची आठवण झाली.

१९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकला. घाबरून जाण्यासारखं त्यात नाही. ज्यांच्या पोटात तो असतो त्यातल्या फार थोड्यांना, शंभरात साधारण एक ते तीन जणांना, पुढे पोटाचा कॅन्सर होतो. पण ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना पोटाचा कॅन्सर झाला आहे त्यांचा धोका इतरांहून जास्त असतो. म्हणून अशा लोकांनी त्रास नसतानाही हा जंतू तपासून घ्यावा आणि निघाला तर उपचार करावा, असं डॉक्टर सांगतात. तुमच्या घरात असे दोघं आहेत, तुमचे यजमान आणि तुमचे भासरे. सासऱ्यांच्या वेळी हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. तुमच्या यजमानांना तर वर्षानुवर्षं पित्ताचा त्रास आहे, गोळी खाऊन ते तो दाबून ठेवतात, वर खर्रा. पन्नीत घोटलेली ती तंबाखू-सुपारी तोंडाचं काय करते हे नागपुरात कुणाला वेगळं सांगायला नको. जठराच्या कॅन्सरच्या कारणांतही तंबाखूचं नाव आहे. त्यांनी पोटाच्या डॉक्टरांना दाखवावं आणि वडिलांचा आजार पहिल्याच वाक्यात सांगावा. दुर्बीण करायची की नुसती जंतूची तपासणी पुरेल, हे डॉक्टर ठरवतील. भूक मंदावली असेल, वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल, तर मात्र एक आठवडाही थांबायचं नाही.

घरात आजारी तुम्ही निघालात म्हणून सगळे तुमच्याकडे बघताहेत. तुमच्या एका रिपोर्टमुळे कदाचित दोन भावांची वेळेवर तपासणी होईल.

हे सासूबाईंपुढे कसं मांडायचं? त्यांच्या जागी जरा उभं राहून पाहा. ज्या बाईने नवऱ्याला पोटाच्या कॅन्सरमध्ये अन्नावाचून वाळताना पाहिलं, ‘पोट’, ‘अल्सर’, ‘दुर्बीण’ हे शब्द ज्या घरात आधीही कानावर पडले, तिच्या मनात तुमचा रिपोर्ट वाचून काय उठलं असेल? ताट वेगळं काढलं ते तुमच्या तिरस्काराने काढलं असं मला तरी वाटत नाही. भीती वाटली की हाताला जे करता येतं ते माणूस करतो. म्हणून भांडणाच्या सुरात जाऊ नका, आणि ‘नेटवर वाचलं’ असंही म्हणू नका. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या. “आई, डॉक्टरकडे तुम्हीच चला माझ्यासोबत, बाबांच्या आजाराचं तुमच्याइतकं मला सांगता येणार नाही,” असं म्हणा. त्या येतील. आणि तिथे, त्यांच्यासमोर, डॉक्टरांना विचारा: ताट वेगळं ठेवायला हवं का? माझ्या मुलीची तपासणी करायची का? बाबांच्या दोन्ही मुलांची? सुनेच्या तोंडून जे पटत नाही ते पांढऱ्या कोटातून पटतं, हे काही बरं नाही, पण तुमचं काम होईल. सासूबाई गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घेत असतील तर तेही तिथेच निघू द्या. हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या ही अल्सरची दोन सगळ्यात मोठी कारणं आहेत, आणि दोन्ही एकत्र आली तर धोका वाढतो.

यजमानांशी मात्र आधी एकांतात बोला. ते गप्प आहेत, त्याचा अर्थ तुम्ही ‘त्यांनाही तसंच वाटतं’ असा लावला आहे. कदाचित असेलही. पण वडील पोटाच्या आजाराने गेलेला आणि स्वतः रोज पित्ताची गोळी खाणारा माणूस बायकोचा रिपोर्ट बघून गप्प होतो, तेव्हा तो स्वतःबद्दलही काही विचार करत असतो. त्यांना ‘तुम्ही माझी बाजू का घेतली नाही’ असं विचारण्याआधी ‘तुम्हाला भीती वाटते का’ असं विचारून बघा.

माहेरी जाण्याचा प्रश्न यानंतर उरतो किती ते तुम्हीच पाहा. आराम हवा, आईच्या हातचं मऊ भात-वरण हवं, चार दिवस कुणी गोळ्यांची आठवण करावी असं वाटत असेल तर खुशाल जा, मुलीलाही सोबत न्या. पण ‘माझ्यामुळे घराला लागण होईल’ या कारणाने जाऊ नका. तसं गेलात तर तुम्ही स्वतःच त्या वेगळ्या ताटाला होकार दिल्यासारखं होईल, आणि परत आल्यावर ते पुन्हा मिसळवणं कठीण जाईल.

असाच रिपोर्ट हातात पडलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. घरातल्या सगळ्यांनी धावत जाऊन तपासणी करायची गरज नाही. ज्यांना अल्सर आहे किंवा होऊन गेला, ज्यांचं दुखणं-जळजळणं महिनोन् महिने हटत नाही, ज्यांच्या रक्ताच्या नात्यात पोटाचा कॅन्सर झाला, ज्यांना कारण न सापडता लोहाची कमतरता आहे, त्यांनी करावी. त्यासाठी प्रत्येकाला दुर्बीण लागत नाही. शौचाच्या नमुन्यावर जंतूचा अँटिजेन, म्हणजे जंतूच्या अंगचा अंश, शोधतात, किंवा युरियाचं औषध पिऊन पिशवीत फुंकर मारायची श्वासाची तपासणी असते. खासगीत खर्च झेपणारा नसेल तर आपल्या मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा विभाग आहे. सकाळी लवकर जा आणि जुने सगळे कागद सोबत ठेवा.

आणि ताई, तुमच्यापुरतं शेवटचं. कोर्स पुरा झाला की काम संपत नाही. जंतू खरंच गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासायचं, श्वासावर किंवा शौचाच्या नमुन्यावर, रक्तावर नाही. त्या तपासणीआधी दोन आठवडे पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल अशी आम्लाची गोळी बंद हवी आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ नको, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येतो. मधल्या काळात जळजळ झाली तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. यजमानांनाही हाच नियम लागू आहे. ते रोज पित्ताची गोळी घेतात, आणि ती तशीच चालू ठेवून ते तपासणीला गेले तर त्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट धरता येणार नाही. पण ती त्यांनी परस्पर बंद करू नये. कोणती गोळी किती वर्षं घेतात ते डॉक्टरांना दाखवावं आणि ते सांगतील त्या दिवसापासून थांबवावी. तुमच्या पुढच्या भेटीच्या दिवशीच त्यांचीही वेळ घेऊन टाका.